वित्तीय नवोपक्रमाचा अभ्यास : संशोधनाच्या दिशा आणि अहिल्यानगर जिल्ह्याचा अनुभव

५.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण कार्यालयीन आणि व्यावसायिक मराठीची ओळख करून घेतली. प्रस्तुत घटकाचे शीर्षक वाचून काहींना प्रश्न पडेल, की मराठीच्या अभ्यासक्रमात वित्तव्यवहार कोठून आला? आपल्यापैकी बहुतेक जण नोकरी, शेती, दुकान किंवा घर सांभाळून शिकत आहेत. कर्जाचा अर्ज, ठेवपावती, ऊसबिल, बचत गटाचे पासबुक, मोबाइलवर आलेली कर्जाची जाहिरात हे मजकूर आपण कवितेपेक्षा अधिक वेळा वाचतो, आणि त्यांखाली सहीही करतो. हे सर्व मराठी मजकूरच आहेत. त्यांतील प्रत्येक प्रकार कधीतरी नवा होता. तो कोणी तरी काढला, कोणी तरी स्वीकारला आणि कोणी तरी त्याची किंमत मोजली.

पैशाच्या व्यवहारातील अशा नव्या साधनांचा, संस्थांचा आणि पद्धतींचा अभ्यास विद्वानांनी कसकसा केला, हे या घटकात पाहावयाचे आहे. उदाहरणांसाठी पूर्वीचा अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचा अहिल्यानगर, जिल्हा निवडला आहे. प्रस्तुत लेखक त्याच जिल्ह्यात शिकवतो हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. १८७५ चा सावकारविरोधी उठाव, सहकारी साखर कारखाना आणि पतसंस्थांचे दाट जाळे या तिन्ही गोष्टी एकाच जिल्ह्याच्या भूमीवर सापडणे दुर्मीळ आहे.

५.२ ‘नवोपक्रम’ म्हणजे काय?

प्रथम संज्ञेचा विचार करू. ‘नवकल्पना’ मनात असते. ‘नवोन्मेष’ या शब्दाला साहित्यशास्त्रातील प्रतिभेचा वास आहे. ‘शोध’ प्रयोगशाळेकडे घेऊन जातो. ‘नवोपक्रम’ या शब्दात ‘उपक्रम’ आहे, म्हणजे करून पाहणे आहे, म्हणून येथे तो स्वीकारला आहे. एखादी कल्पना कागदावरून व्यवहारात उतरली आणि लोकांनी ती वापरली, तरच तिला वित्तीय नवोपक्रम म्हणावे.

या अभ्यासाच्या मुळाशी जोसेफ शुम्पेटर यांचा १९११ चा जर्मन ग्रंथ आहे. आर्थिक विकास जुन्या घटकांच्या नव्या जुळणीतून होतो आणि त्या जुळणीला पत पुरवणारा हा विकासाचा भागीदार असतो, असे त्यांनी मांडले. पुढे १९८० च्या दशकात हा विषय स्वतंत्रपणे उभा राहिला. विल्यम सिल्बर यांनी १९८३ मध्ये असे सुचविले की, संस्थेवर बंधन आले की ती पळवाट शोधते आणि त्या पळवाटेलाच पुढे नवे साधन म्हणतात. मर्टन मिलर यांनी १९८६ च्या लेखात कर आणि नियमन यांनाच नवोपक्रमांची मुख्य चालना मानले. फ्रँकलिन अ‍ॅलन आणि डग्लस गेल यांनी १९९४ च्या पुस्तकात जोखमीच्या वाटणीवर भर दिला. नवे साधन पिकाची, भावाची, आजारपणाची जोखीम कोणाच्या खांद्यावरून कोणाच्या खांद्यावर नेते, हा त्यांचा प्रश्न.

२००४ मध्ये स्कॉट फ्रेम आणि लॉरेन्स व्हाइट यांनी या क्षेत्रातील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा त्यांना एक विचित्र गोष्ट आढळली. नवोपक्रमांविषयी बोलणारे भरपूर होते. प्रत्यक्ष पुराव्यावर तपासणारे अभ्यास मोजकेच. २००८ च्या जागतिक वित्तीय संकटानंतर सूर बदलला. निकोला जेन्नाओली, आंद्रे श्लायफर आणि रॉबर्ट विश्नी यांनी २०१२ मध्ये दाखविले की, ज्या धोक्याकडे सर्वांचेच दुर्लक्ष होते त्याच धोक्याभोवती ‘सुरक्षित’ म्हणवणारी नवी साधने उभी राहतात आणि ती कोसळल्यावर सगळी व्यवस्था हादरते. तेव्हापासून नवोपक्रम चांगलाच असतो हे गृहीत धरण्याची सोय राहिलेली नाही.

या सर्व चर्चेत साधन म्हणजे न्यूयॉर्क किंवा लंडनच्या बाजारातील कागद, असे बहुधा मानलेले असते. आपण तोच प्रश्न पारनेर आणि लोणी येथे विचारू.

५.३ रोखा : एका कागदाचा इतिहास

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. हे लोण पुढे अहमदनगर जिल्ह्यात पसरले. पारनेर, श्रीगोंदे या भागांतील गावे त्यात होती. उठावाची सर्वांत बोलकी बाब ही, की बहुतेक ठिकाणी माणसे मारली गेली नाहीत. शेतकऱ्यांनी रोखे, खते, हुकूमनामे आणि वह्या मागून घेतल्या व जाळल्या. त्यांचा राग कागदावर होता.

का? याचे उत्तर एका कायद्यात आहे. कर्जवसुलीचा दावा किती काळात करावा, याची मुदत १८५९ च्या कायद्याने सर्वसाधारणपणे तीन वर्षांवर आणली. हेतू चांगला होता. व्याज अनंतकाळ साठत राहू नये. पण सावकाराने दर तीन वर्षांनी नवा रोखा करून घेण्यास सुरुवात केली. मागील मुद्दल आणि साठलेले व्याज मिळून नव्या रोख्याचे मुद्दल होई. हिशेब करून पाहा. शंभर रुपये, दरमहा शेकडा दोन रुपये व्याज. तीन वर्षांनी व्याज ७२ रुपये. नवा रोखा १७२ चा. आणखी तीन वर्षांनी तो सुमारे २९६ चा होतो आणि नवव्या वर्षाच्या अखेरीस सुमारे ५०९ चा. शेतकऱ्याच्या हातात पैसे पडले ते पहिल्या दिवशीचे शंभरच.

आपल्याकडे ‘दामदुप्पट’ नावाची जुनी रूढी होती. थकलेले व्याज मुद्दलापेक्षा अधिक वसूल करू नये, हा तिचा आशय. रोखा नवा होताच व्याजाचे मुद्दल होते आणि दामदुपटीची मर्यादाही त्याबरोबर वर सरकते. म्हणजे रूढी मोडली नाही, कायदाही मोडला नाही, आणि कर्ज पाचपट झाले. सिल्बर यांनी शंभर वर्षांनंतर मांडलेला सिद्धान्त याहून चांगल्या उदाहरणाने समजावता येणार नाही.

या व्यवहारात भाषेचा वाटा मोठा होता. रोखे मोडी लिपीत, ठरीव वाक्यरचनेत लिहिले जात. कर्जदार बहुधा निरक्षर; तो निशाणी करी किंवा अंगठा देई. ‘लिहून दिले’ असे रोखा म्हणे, पण ज्याने ‘लिहून दिले’ त्याने एक अक्षरही लिहिलेले नसे. क्रियापदाचा कर्ता आणि लेखणी धरणारा हात वेगळे असण्याची ही स्थिती व्याकरणात लहानशी वाटते. न्यायालयात तिच्यावर जमीन जात असे, कारण न्यायालय कागदावर लिहिलेले तेवढेच खरे मानी.

उठावानंतर सरकारने नेमलेल्या समितीने साक्षी, आकडे आणि कागद गोळा करून १८७६ मध्ये अहवाल दिला. आपल्या विषयातील पहिला मोठा संशोधनदस्तऐवज म्हणून त्याकडे पाहावे. मात्र तो राज्यकर्त्यांनी राज्यकारभारासाठी लिहिलेला आहे, हे विसरू नये. सारावाढीपेक्षा सावकाराकडे बोट दाखविणे सरकारला सोयीचे होते. त्यातूनच १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. आता न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ देणे-घेणे तपासता येऊ लागले. रोखे गावच्या निबंधकासमोर करण्याची व्यवस्था झाली. सावकारांनीही उत्तर शोधले. गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखत करून घेऊ लागले आणि पैसे फेडल्यास जमीन परत देऊ, हे तोंडी सांगू लागले. कागदावर विक्री, मनात गहाण. पुन्हा बंधन, पुन्हा पळवाट.

या काळाकडे पाहण्याची संशोधकांची दृष्टी बदलत गेली, ती लक्षात घेण्याजोगी आहे. रविंदर कुमार यांच्यासारख्या इतिहासकारांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उठाव हा ग्रामीण समाजातील बदललेल्या बलसंबंधांचा परिणाम मानला. नील चार्ल्सवर्थ यांनी उठावाचे महत्त्व फुगवले गेले आहे काय, असा प्रश्न विचारला. पुढे अर्थशास्त्रज्ञ या विषयाकडे वळले. रेचेल क्रँटन आणि आनंद स्वामी यांनी १९९९ मध्ये दाखविले की, दिवाणी न्यायालयांमुळे सावकारांत स्पर्धा वाढली, कर्ज मिळणे सोपे झाले. पण दुष्काळात कुळाला सांभाळून घेण्याचे सावकाराला पूर्वी जे कारण होते, ते नाहीसे झाले. लतिका चौधरी आणि आनंद स्वामी यांनी अलीकडे १८७९ च्या कायद्याचा कर्जबाजारावर झालेला परिणाम तपासला आहे. कर्जदाराला संरक्षण दिले की कर्ज देणाऱ्याचा हात आखडतो का, हा त्यामागचा प्रश्न आजच्या प्रत्येक कर्जमाफीच्या वेळी पुन्हा उभा राहतो.

‘कूळ’ हा शब्द मी वर सहज वापरला. जमीन कसणारे कूळ आपल्याला माहीत आहे. पण सावकाराच्या तोंडी कर्जदारही कूळच असे. एकाच शब्दात आश्रय आणि अंकितपणा दोन्ही आहेत. ‘बँकेचे कूळ’ असे मात्र आपण म्हणत नाही. तेथे ‘खातेदार’ किंवा ‘ग्राहक’ होतो. शब्द बदलला तसे नातेही बदलले का, हा प्रश्न विचारण्यासाठी भाषेचा अभ्यासक लागतो.

५.४ पत, भाग आणि ऊस

सावकाराला पर्याय काढण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८८० च्या दशकाच्या प्रारंभी पुरंदर तालुक्यात शेतकी बँकेचा प्रयोग सुचविला. इंग्लंडातील भारतमंत्र्यांच्या नकारामुळे तो बारगळला. पुढे जर्मनीतील रायफायझेन पद्धतीच्या पतसंस्थांचा आदर्श घेऊन १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा झाला. मुंबईत १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मध्यवर्ती सहकारी बँक निघाली.

तरीही सावकार हटला नाही. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये करविलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के निघाला. व्यावसायिक सावकारांचा ४४.८ आणि शेतकरी-सावकारांचा २४.९ टक्के. अर्धशतकाच्या सहकाराचे हे फळ. या पाहणीच्या ए. डी. गोरवाला समितीत धनंजयराव गाडगीळ सदस्य होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक असलेल्या गाडगिळांनी वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी पूर्वीच केली होती. गावात जाऊन, घरोघर विचारून आकडे जमवायचे, हा पाहणीचा प्रवाह महाराष्ट्रात त्यांच्यामुळे रुजला. त्याआधी हॅरोल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला होता आणि गावाचे कर्ज हा त्यातील एक मोठा विषय होता.

गाडगिळांचे वैशिष्ट्य असे, की ते पाहणी करून थांबले नाहीत. राहाता तालुक्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांना एकत्र करून जो सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचे पहिले अध्यक्षपद गाडगिळांनी सुमारे दहा वर्षे सांभाळले. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचे पहिले गाळप झाले. भंडारदऱ्याच्या धरणामुळे प्रवरेच्या कालव्याखाली ऊस होताच. प्रश्न भांडवलाचा होता.

आपल्या दृष्टीने खरा नवोपक्रम येथे आहे. साखर तयार करण्याचे तंत्र जुनेच होते. नवी होती ती पैशाची जुळणी. शेतकऱ्याने भाग घ्यायचा, त्याबरोबर आपला ऊस याच कारखान्याला देण्याची जबाबदारी पत्करायची. राज्य सरकारने काही भागभांडवल घातले, इंडस्ट्रियल फायनान्स कॉर्पोरेशनने कर्ज दिले. गावच्या सोसायटीने पिकासाठी दिलेले कर्ज परस्पर ऊसबिलातून वळते होऊ लागले. सावकार जमीन तारण मागत असे; येथे अजून न उगवलेला ऊस तारण झाला. मतदान मात्र एका सभासदाला एकच, मग भाग कितीही असोत.

या जुळणीने मराठीला एक शब्दसंग्रह दिला. ‘सभासद’, ‘भाग’, ‘कपात’, ‘उचल’, ‘गाळप’, ‘पहिला हप्ता’, ‘अंतिम दर’ हे शब्द ऊसपट्ट्यातील अशिक्षित माणूसही अचूक वापरतो. त्यांतील एका पदाकडे मी आपले लक्ष वेधतो : ‘बिनपरतीची ठेव’. ठेव म्हणजे ठेवलेली, म्हणून परत मिळणारी वस्तू. हा त्या शब्दाचा गाभा. तिच्याआधी ‘बिनपरतीची’ लागले की शब्दाचा अर्थच मागे घेतला जातो. ऊसबिलातून अशी कपात होई. तिच्यातून कारखान्यांचा विस्तार झाला, शाळा, महाविद्यालये, दवाखाने निघाले. हे खरे आहे आणि मोठे आहे. पण ‘वर्गणी’ किंवा ‘कर’ म्हटले असते तर सर्वसाधारण सभेत जे प्रश्न उठले असते, ते ‘ठेव’ म्हटल्याने उठले नाहीत, असे मला वाटते. हे माझे मत आहे. आपण वार्षिक अहवाल वाचून ते तपासावे.

कारखान्यांवरील संशोधनाचे टप्पे थोडक्यात पाहू. समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या सहकारी साखर कारखान्याचा प्रत्यक्ष राहून अभ्यास केला. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९८० मध्ये आला. निवडणुका, गट, भाऊबंदकी आणि साखर यांची गुंफण त्यांनी दाखविली, आणि राजकारण असूनही कारखाना चालतो कसा, याचा शोध घेतला. डोनाल्ड अ‍ॅटवुड यांनी १९९२ च्या ग्रंथात पश्चिम महाराष्ट्रातील ऊस उत्पादकांचा दीर्घ काळाचा इतिहास मांडला. लहान आणि मोठा दोघांचेही हित कारखाना चालण्यात असल्यामुळे सहकार टिकला, असा त्यांच्या विवेचनाचा कल आहे.

२००१ मध्ये अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज रे यांनी याच कारखान्यांकडे वेगळ्या नजरेने पाहिले. महाराष्ट्रातील सुमारे शंभर कारखान्यांची १९७१ ते १९९३ या काळातील आकडेवारी त्यांनी घेतली. सर्व सभासदांना उसाचा दर सारखाच द्यावा लागतो, मग कारखान्यावर पकड असलेले मोठे बागायतदार आपला लाभ कसा साधतील? दर कमी ठेवून, असे त्यांचे उत्तर. दर कमी राहिला की पैसा कारखान्यात शिल्लक राहतो आणि त्या शिलकीवर हात असतो तो पकड असलेल्यांचा. कमी दराचा तोटा मोठ्या बागायतदारालाही होतो, म्हणून लहान-मोठ्यांचे प्रमाण बदलले की दरही बदलतो. हे त्यांनी आकड्यांवरून दाखविले. बाविस्करांनी चावडीवर ऐकलेले आणि या चौघांनी संगणकावर मोजलेले, दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

एक पोकळी तरीही राहते. ‘उचल’ हा शब्द उसाच्या अर्थकारणात दोन ठिकाणी येतो. ऊस उत्पादकाला मिळते ती पहिली उचल हे त्याच्या मालाचे पैसे. ऊसतोड मजुराला मुकादमाकडून हंगामापूर्वी मिळते तीही उचल. ते मात्र त्याच्या श्रमांवरचे कर्ज. पाथर्डी तालुक्यातून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, ही उचल घेऊन निघते आणि फेड होईपर्यंत राबते. यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात खानदेशातून गुजरातेतील बारडोलीकडे जाणाऱ्या ऊसतोड मजुरांवर लिहिले, तेव्हा सहकाराच्या कौतुकाला पहिली मोठी चीर पडली. नवोपक्रमावरील संशोधनात या उचलीला अजूनही योग्य ते स्थान नाही. ती जुनी, अनौपचारिक आणि गरिबांची आहे एवढेच कदाचित त्याचे कारण असावे.

५.५ भिशी आणि बचत गट

भिशीचा विचार त्रोटक करू, कारण आपण सर्व जण तिला ओळखता. दरमहा सर्वांनी सारखी रक्कम काढायची आणि ती आळीपाळीने एकेकाला द्यायची. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६२ मध्ये जगभरातील अशा मंडळांना पारंपरिक समाजाकडून आधुनिक व्यवहाराकडे नेणारी मधली पायरी म्हटले. पायरी ओलांडली की ती मागे पडेल, ही त्यांची अपेक्षा. आज बँकेत नोकरी करणाऱ्या स्त्रियाही भिशी लावतात, हे पाहिले की ती अपेक्षा फोल ठरली असे म्हणावे लागते.

बचत गटांना बँकांशी जोडण्याचा पथदर्शी प्रकल्प नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केला. त्यानंतर संशोधनाचा एक मोठा प्रवाह सूक्ष्म वित्ताकडे वळला. औषधाची चाचणी करावी त्याप्रमाणे काही वस्त्यांत कर्ज उपलब्ध करून आणि काहींत न करता तुलना करण्याची पद्धत रूढ झाली. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो व सहकाऱ्यांनी हैदराबादेत केलेल्या अशा अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. काही जुने धंदे वाढले, पण गरिबी हटविणारा चमत्कार आढळला नाही.

येथे ‘दोन टक्के’ या दोन शब्दांकडे पाहा. सावकाराचे दोन टक्के दरमहाचे, म्हणजे वर्षाला चोवीस. बचत गटातही ‘दोन टक्क्याने’ म्हटले की बहुधा दरमहाच असते. फरक इतकाच की व्याज गटाच्या पेटीत परत येते. बँकेचे टक्के वर्षाचे. काळाचा उल्लेख तिघेही बोलताना गाळतात. ज्याला तिन्ही बोली येत नाहीत, त्याची फसगत होते.

५.६ ‘बँक’ या शब्दाची किंमत

माझ्या एका आत्याने निवृत्तीचे पैसे गावातील पतसंस्थेत ठेवले होते. व्याज जास्त मिळे, घराजवळ कार्यालय होते, तेथील मुले तिला ‘मावशी’ म्हणत. मी काळजीने विचारले तेव्हा ती म्हणाली, “अरे, बँकेतच तर ठेवलेत.” दोन वर्षांनी संस्थेने पैसे देणे बंद केले. आत्या गेली तेव्हा तिच्या कपाटात ठेवपावत्या घडी करून ठेवलेल्या होत्या. संस्थेचे नाव सांगण्याचे येथे कारण नाही. अशा पावत्या आपल्यापैकी अनेकांच्या घरात असतील.

आत्याच्या वाक्यात चूक एकाच शब्दाची होती. बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा प्रत्येक बँकेत दर ठेवीदारामागे पाच लाख रुपये आहे. १९१० मध्ये स्थापन झालेल्या नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला, तेव्हाही त्या मर्यादेपर्यंतच्या ठेवींना हे छत्र होते. पतसंस्थेतील ठेवीला असे छत्र नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने पतसंस्था ही बँक नव्हे. बँकिंग नियमन कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर सहकारी संस्थांना परवान्याशिवाय आपल्या नावात ‘बँक’ हा शब्द वापरता येत नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिला. एखादा शब्द कोणी वापरावा हे कायद्याने ठरावे, असे भाषेत फार क्वचित घडते.

पण कायदा पाटीवरचा शब्द बदलू शकतो, तोंडातला नाही. काउंटर, पासबुक, गणवेश, संगणकाची पावती ही सगळी खूण बँकेचीच असेल, तर ग्राहक बँकच म्हणणार. ‘पत’ या शब्दाचेही असेच. इंग्रजीतील त्याच्या प्रतिशब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील विश्वास ठेवण्याचे क्रियापद आहे, आणि मराठीतही ‘पत राखणे’, ‘पत जाणे’ हे वाक्प्रचार अब्रूशी जोडलेले आहेत. कर्ज घेणाऱ्याची पत पाहण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ठेव घेणाऱ्या संस्थेची पत ठेवीदाराने कशी पाहावी, यासाठी मात्र बोलीत साधा शब्द घडलेला नाही.

कराराची भाषा हा आजच्या संशोधनातील एक वाढता प्रवाह आहे : अटी किती अवघड वाक्यांत लिहिल्या आहेत, अक्षर किती बारीक आहे, वाचकाला प्रत्यक्ष किती कळते. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी कर्जदाराला मुख्य बाबींचे विवरणपत्र, वार्षिक खर्चाच्या एकत्रित टक्केवारीसह, त्याला समजणाऱ्या भाषेत देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले. ‘समजणारी भाषा’ म्हणजे कोणती? केवळ देवनागरीत छापलेले ‘प्रक्रिया शुल्क परताव्यास पात्र असणार नाही’ हे वाक्य, की ‘हे पैसे परत मिळणार नाहीत’? १८७५ चा शेतकरी मोडी वाचू शकत नव्हता. आज आपण मोबाइलवर ‘मान्य आहे’ या चौकोनावर बोट ठेवतो, आणि अंगठाच देतो.

५.७ मोजदादीचा प्रवाह आणि त्याची मर्यादा

अलीकडे एखाद्या विषयावरील हजारो शोधनिबंध संगणकाने एकत्र करून त्यांतील कळीचे शब्द, परस्परांचे संदर्भ आणि देशनिहाय संख्या मोजण्याची पद्धत फार वाढली आहे. वित्तीय नवोपक्रम हा अशा मोजदादीचा आवडता विषय. या नकाशांत पूर्वी रोखे आणि वायदे ठळक होते. आता डिजिटल चलन, मोबाइल देयके, वित्तीय समावेशन हे शब्द मोठे दिसतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे भारताचे नावही त्यांत वारंवार येते.

ही पद्धत उपयोगी आहे, पण ती इंग्रजी शब्दांच्या आधारे शोधते. ‘बिनपरतीची ठेव’, ‘उचल’, ‘भिशी’ या शब्दांना तेथे जागा नाही. कारखान्यांचे मराठी वार्षिक अहवाल, सहकारी चळवळीची मराठी मासिके, विद्यापीठांत मराठीतून लिहिलेले प्रबंध त्या साठ्यात नसतात. त्यामुळे नकाशावर जे कोरे दिसते ते कोणी अभ्यासलेच नाही, असा समज होतो. वस्तुतः ते मराठीत लिहिलेले असते, एवढेच. माझ्या मते मराठीच्या विद्यार्थ्याला या क्षेत्रात शिरण्यासाठी हीच सर्वांत रुंद वाट आहे. मोडी वाचता येणारा, करारातील वाक्य उलगडणारा आणि सोसायटीच्या सचिवाशी त्याच्या बोलीत बोलू शकणारा संशोधक अर्थशास्त्राच्या विभागांना सहज मिळत नाही.

५.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील किंवा परिचितांकडील पैशाच्या व्यवहाराचा एक मराठी कागद निवडा. ठेवपावती, ऊसबिल, बचत गटाचा ठराव, कर्जाचे विवरणपत्र, यांपैकी काहीही चालेल. जुने मोडी खत असल्यास उत्तम. नावे, खाते क्रमांक आणि सह्या झाकून त्याची प्रत काढा. त्यातील प्रत्येक क्रियापदाचा कर्ता कोण आहे ते लिहा. जेथे कर्ता गाळला आहे तेथे खूण करा. नंतर तोच कागद त्यावर सही करणाऱ्या व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवा आणि तिला काय समजले ते तिच्याच शब्दांत टिपून घ्या. तिचे म्हणणे दुरुस्त करू नका. कागद आणि टिपण दोन्ही संपर्कसत्राच्या दिवशी आणावेत.